पोस्ट काढून टाका, असा पोलीस ठाण्यातून फोन आला तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या पश्चिम भागातील एका वसाहतीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका लिहितात: 'माझा भाचा २४ वर्षांचा असून खासगी नोकरी करतो. ड्रेनेजसाठी खोदलेला रस्ता पावसाळाभर उघडा पडून राहिला, म्हणून त्याने फोटोसह फेसबुकवर तीन वाक्ये लिहिली आणि तीच वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवली. खड्डा कित्येक महिने तसाच आहे. कंत्राटदार आणि नगरसेवक यांची मिलीभगत आहे. आणि तक्रार करूनही टीआय (पोलीस ठाण्याचे प्रभारी) हप्ता घेऊन गप्प बसले आहेत, अशी ती वाक्ये होती. दुसऱ्या दिवशी ठाण्यातून फोन आला की मोबाईल घेऊन ये, पोस्ट काढ, माफीनामा लिहून दे, नाहीतर एकशे एक्कावन्नमध्ये आत जाशील. त्याने जावे का? पोस्ट काढावी का? मोबाईल द्यावा का? गटाची अ‍ॅडमिन मी आहे, तर माझ्यावरही काही येईल का? आणि लोकशाहीत हे चालते तरी कसे?'

उत्तर:

आपल्या भाच्याच्या बाबतीत जे घडले ते अपवादात्मक नाही, आणि त्यातली मुख्य अडचण अशी की ते कुठल्याही कागदावर घडलेले नाही. माझी वकिलीची बरीच वर्षे इंदूरच्या जिल्हा न्यायालयात आणि उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात फौजदारी प्रकरणे चालवण्यात गेली. समाजमाध्यमावरील मजकुरावरून पोलिसांनी बोलावलेली जी माणसे माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांविरुद्ध गुन्हा नोंदलेलाच नसतो. फोन येतो, घरचे घाबरतात, मुलाला काही तास बाकावर बसवून ठेवले जाते, मजकूर पुसला जातो, माफीनामा लिहून घेतला जातो आणि प्रकरण मिटले असे सगळे मानतात. रोजनामचा सान्ह्यात, म्हणजे ठाण्याच्या दैनंदिन नोंदवहीत, त्याची ओळही नसते, त्यामुळे न्यायालयात आव्हान द्यायचे तर कशाला द्यायचे हाच प्रश्न उभा राहतो. अभिव्यक्तीवरचा धोका म्हटला की लोक राजद्रोहासारख्या कलमांकडे बोट दाखवतात, आणि त्यात चूक काही नाही. परंतु सामान्य माणसाचे तोंड ज्याने बंद होते ती ही तोंडी, बिनकागदाची कारवाई होय, असे माझे मत आहे. म्हणून पुढे मी एकच आग्रह जागोजागी धरणार आहे: पोलिसांना जे हवे असेल ते त्यांनी लेखी मागावे.

आधी मजकुराविषयी. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(अ) ने दिलेल्या भाषण व अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर अनुच्छेद १९(२) मध्ये सांगितलेल्या कारणांसाठीच वाजवी निर्बंध घालता येतात: भारताची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि अपराधाला चिथावणी. २०२३ साली कौशल किशोर प्रकरणात घटनापीठाने सांगितले की ही यादी पूर्ण आहे आणि तिच्याबाहेरचे कारण काढून बोलण्यावर बंधन आणता येणार नाही. नगरसेवकाला राग आला, ठाण्याची प्रतिमा मलिन झाली, 'माहौल' बिघडतो आहे, ही कारणे त्या यादीत कुठेही सापडणार नाहीत.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ मात्र नेमक्या अशाच कारणांवर उभे होते. मजकूर त्रासदायक, गैरसोयीचा किंवा अत्यंत आक्षेपार्ह वाटला की तीन वर्षांपर्यंतची कैद. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याबद्दल फेसबुकवर लिहिणारी एक तरुणी आणि ते नुसते 'लाइक' करणारी तिची मैत्रीण अशा दोघींना पालघरला अटक झाली, आणि त्या अटकेनंतर या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल निकालाने ते पूर्णपणे रद्द केले. एखाद्या मताची चर्चा, त्याचा पुरस्कार आणि त्यासाठी चिथावणी या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्या दोन कितीही कडवट असल्या तरी संरक्षित आहेत, हा त्या निकालातला भेद आजही रोज उपयोगी पडतो. पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. कलम रद्द झाल्यानंतरही देशातल्या ठाण्यांत ते लावले जात राहिले, इतके की १२ ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे साडेसात वर्षांनी, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये असा आदेश न्यायालयाला पुन्हा द्यावा लागला. दिल्लीत निकाल लागणे आणि तो ठाण्याच्या टेबलापर्यंत पोचणे यांत किती अंतर असते याची यावरून कल्पना यावी.

आता भाच्याची वाक्ये एकेक पाहू. पहिले वाक्य फोटोसह केलेले वस्तुस्थितीचे कथन आहे. त्याविषयी बोलण्यासारखे काही नाही. मिलीभगतीचे दुसरे वाक्य मत म्हणूनही वाचता येते आणि आरोप म्हणूनही. नगरसेवकांना ते झोंबले असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली त्यांनी दंडाधिकाऱ्यांपुढे स्वतः फिर्याद दाखल करावी, कारण बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस फार तर अदम चेक, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद, कापून देतील. दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून त्यांना तपास करता येत नाही. महापालिकेची संस्था म्हणून बदनामी झाली असा पवित्राही टिकणारा नाही, कारण शासन किंवा स्थानिक संस्था स्वतःच्या बदनामीबद्दल नुकसानभरपाई मागू शकत नाहीत, हे १९९४ च्या राजगोपाल निकालात सांगितले गेले आहे.

तिसरे वाक्य मला आवडलेले नाही, हे स्पष्टच सांगतो. हप्ता घेतला असे म्हणणे हा विशिष्ट अधिकाऱ्यावर विशिष्ट गुन्ह्याचा आरोप आहे. आपल्याकडे पुरावा असेल तर लोकायुक्त पोलिसांकडे जावे, आणि नसेल तर असे वाक्य लिहू नये. बहुधा त्या एका वाक्यामुळेच फोन आला असावा. परंतु हे वाक्यदेखील फार तर बदनामीच्याच व्याख्येत बसते, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्यानेच स्वतःच्या ठाण्यातून, स्वतःच्या बदनामीबद्दल, अदखलपात्र प्रकरणात माणसाला मोबाईलसह हजर व्हायला सांगावे याला कुठल्याही संहितेत आधार नाही.

अशा वेळी पोलीस 'लॉ अँड ऑर्डर'चे नाव घेतात. त्यावर उत्तर फार जुने आहे आणि ते आपल्याच भागातल्या एका न्यायाधीशांनी दिलेले आहे. राम मनोहर लोहिया प्रकरणात १९६५ साली न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला यांनी तीन समकेंद्री वर्तुळे कल्पिली: सर्वांत मोठे कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. बाहेरच्या वर्तुळात काही खळबळ झाली म्हणून आतल्या वर्तुळाला धक्का पोचला असे होत नाही. संविधानाने बोलण्यावर निर्बंध घालण्यासाठी मान्य केलेले कारण मधल्या वर्तुळातले आहे, बाहेरच्या नव्हे. हे हिदायतुल्ला म्हणजे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश, आणि १९५६ पासून मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश. त्याच नागपुरात १९४६ साली न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी शब्दांचा परिणाम कोणाच्या मापाने मोजायचा हेही ठरवून ठेवले होते: खंबीर, विचारी आणि धीट माणसाच्या मापाने, ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोक्याचाच वास येतो अशा दुबळ्या मनाच्या मापाने नव्हे.

ही कसोटी २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुढे आणली. एका खासदाराने समाजमाध्यमावर टाकलेल्या चित्रफितीतील कवितेवरून गुजरातमध्ये जामनगरला गुन्हा नोंदला गेला होता. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने तो रद्द केला. आपल्या कामाची गोष्ट त्या निकालाच्या उत्तरार्धात आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. बोलण्या-लिहिण्याविषयीच्या आरोपांत अशी चौकशी करणे नेहमीच उचित ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे दोन समूहांत वैर पसरवल्याचे कलम १९६ किंवा धार्मिक भावना दुखावल्याचे कलम २९९ लावण्याआधी पोलिसांनी तो मजकूर शांतपणे वाचावा आणि कलमाचे घटक त्यात आहेत का ते पाहावे, एवढी साधी अपेक्षा आहे. त्याच पीठाने ७ मार्च २०२४ रोजी कोल्हापूरच्या एका महाविद्यालयातील प्राध्यापकावरचा, अनुच्छेद ३७० संबंधीच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून नोंदलेला गुन्हा रद्द करताना असेही लिहिले होते की पोलीस यंत्रणेला अभिव्यक्ती स्वातंत्र्याचे शिक्षण देण्याची वेळ आली आहे.

आता फोनविषयी. फोनवरून आलेल्या बोलावण्याला कायदेशीर हजेरीची सक्ती नसते. साक्षीदार म्हणून बोलवायचे असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो, आणि स्त्रिया, १५ वर्षांखालील मुले व ६० वर्षांवरील पुरुष यांना ते राहतात त्या जागेखेरीज अन्यत्र बोलावताच येत नाही. आरोपी म्हणून बोलवायचे असेल तर कलम ३५(३) ची नोटीस लागते. आमच्याकडे ही नोटीस हिंदी छापील नमुन्यात येते. वर अपराध क्रमांक, त्याखाली कलमे, मग हजर राहण्याची तारीख, वेळ व जागा, आणि तळाशी विवेचना (तपास) अधिकाऱ्याचे नाव, पद, सही व शिक्का. अपराध क्रमांकाची जागा कोरी असेल तर गुन्हा नोंदलेलाच नाही असे समजावे. २१ जानेवारी २०२५ रोजी सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावणे ग्राह्य नाही. त्यामुळे 'व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आहे, बघून घे' हे चालणार नाही.

मग जायचेच नाही का? माझा सल्ला असा असतो की उद्धट नकार देऊ नये आणि गुपचूप जाऊही नये. त्याच दिवशी ठाणे प्रभारींच्या नावाने एक अर्ज लिहावा: अमुक क्रमांकावरून अमुक वाजता फोन आला, मी चौकशीला सहकार्य करण्यास तयार आहे, कृपया कोणत्या प्रकरणात व कोणत्या कलमाखाली बोलावले आहे त्याची लेखी नोटीस द्यावी. हा अर्ज स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवावा व त्याची प्रत पोलीस उपायुक्तांना द्यावी. असा कागद गेल्यावर निम्म्याहून अधिक प्रकरणांत पुढचा फोन येत नाही, हा माझा अनुभव आहे. फोन आलाच तर वकिलासह दिवसाउजेडी जावे, आणि आत गेल्याची व बाहेर आल्याची वेळ घरच्यांना संदेशाने कळवावी. परमवीर सिंग सैनी प्रकरणातील २ डिसेंबर २०२० च्या निकालाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावणे आणि त्याचे चित्रण १८ महिने, अगदीच शक्य नसेल तर किमान एक वर्ष, जपून ठेवणे बंधनकारक आहे. तिथे काही गैर घडले तर ते चित्रण राखून ठेवावे म्हणून लगेच लेखी मागणी करता येते.

पोस्ट काढण्याच्या मागणीत एक मौज आहे, जी ठाण्यातल्या कोणाच्या लक्षात येत नाही. पोस्ट हा गुन्हा असेल तर ती पोस्ट हाच त्या गुन्ह्याचा मुख्य पुरावा आहे, आणि पुरावा म्हणून सादर होऊ शकणारी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र अपराध आहे. तपास अधिकारीच जर ती पुसायला सांगत असेल, तर गुन्हा घडलेला नाही हे त्याला स्वतःलाच ठाऊक आहे असा अर्थ निघतो. मजकूर उतरवण्याचा कायदेशीर मार्ग वेगळा आहे. केंद्र सरकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली तो अडवू शकते, किंवा कलम ७९(३)(ब) आणि त्याखालील नियमांनुसार तो उतरवण्याविषयी फेसबुकसारख्या कंपनीला कळवता येते. १५ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे पोलिसांच्या बाजूने असे कळवण्याचा अधिकार खास प्राधिकृत केलेल्या, किमान उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यालाच आहे. टीआयला तर नाहीच, जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकालाही नाही. या सरकारी मार्गावर माझे आक्षेप आहेत, कारण त्यात लिहिणाऱ्याला बाजू मांडण्याची संधी बहुधा मिळतच नाही आणि सरकारच्या 'सहयोग' संकेतस्थळावरून सूचना गेली की कंपन्या वाद न घालता मजकूर उतरवतात. कर्नाटक उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी या व्यवस्थेविरुद्धची एक्स कंपनीची याचिका फेटाळली. तरीही हा मार्ग निदान कागदावर चालतो. आपल्या भाच्याला तिसरे वाक्य स्वतःहून गाळायचे असेल तर ते शहाणपणाचे ठरेल, मात्र आधी मूळ मजकुराचा दुवा, तारीख-वेळ दिसणारे स्क्रीनशॉट आणि खालच्या प्रतिक्रिया जपून ठेवाव्यात. माफीनामा मुळीच लिहून देऊ नये. ठाण्यात लिहिलेला माफीनामा उद्या बदनामीच्या फिर्यादीला जोडलेला सापडतो.

मोबाईलबद्दल अधिक सावध राहिले पाहिजे, कारण आजच्या काळात मोबाईल देणे म्हणजे घराची झडती देण्याहून जास्त देणे आहे. बँक, औषधे, छायाचित्रे, मित्रांचे संवाद सगळे त्यात असते, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने निःसंदिग्धपणे सांगितले आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ने उपकरण मागवण्याचा अधिकार पोलिसांना दिला आहे हे खरे, परंतु तो लेखी आदेशाने वापरायचा आहे. जप्ती करायची असेल तर कलम १०५ प्रमाणे तिचे दृक्श्राव्य चित्रण करणे आणि जप्ती पत्रकावर साक्षीदारांच्या सह्या घेणे आवश्यक आहे. जप्ती पत्रकाची प्रत मागावी. तिच्यात उपकरणाचा आयएमईआय क्रमांक, स्थिती आणि शक्य तर हॅश मूल्य (आतल्या माहितीवरून काढलेला, ती बदलली की बदलणारा सांकेतिक आकडा) लिहिलेले असावे, म्हणजे नंतर त्यात काही घातले-काढले गेले तर दाखवता येते. पासवर्ड सांगण्याची सक्ती करता येते का, यावर उच्च न्यायालयांत एकवाक्यता नाही. अनुच्छेद २०(३), म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून संरक्षण, आणि त्यावरचा २०१० चा सेल्वी निकाल यांच्या आधारे मी अशिलांना सांगतो की तोंडी मागणीवर पासवर्ड देऊ नये, न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी. मोबाईल आधीच ठेवून घेतला असेल तर सुपुर्दगीसाठी, म्हणजे तो परत ताब्यात मिळण्यासाठी, कलम ४९७ किंवा ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि गुन्हाच नोंदलेला नसेल तर पोलिसांना तो कोणत्या अधिकारात ठेवला याचे उत्तर द्यावे लागते.

'एकशे एक्कावन्न' म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले १५१, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७०. कोणी दखलपात्र गुन्हा करण्याच्या बेतात असेल आणि अटकेखेरीज तो थांबवता येणार नसेल, तेव्हाच हे वापरायचे आहे, आणि तेही जास्तीत जास्त २४ तासांसाठी. होऊन गेलेल्या पोस्टला हे कलम कसे लागू होणार? तरीही ते सर्रास लावले जाते, कारण त्याच्या पाठोपाठ कलम १२६ चा इस्तगासा, म्हणजे कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे पोलिसांनी मांडलेले प्रकरण, येतो आणि माणूस 'बाउंड ओव्हर' होतो, म्हणजे शांतता राखीन असा मुचलका लिहून देतो. पुढचे वर्षभर तो काहीही लिहिताना दहादा विचार करतो. मधू लिमये यांच्या प्रकरणात १९७० साली, पुन्हा हिदायतुल्ला यांच्याच अध्यक्षतेखालील पीठाने, ही तरतूद वैध ठरवताना अट घातली होती की पोलिसांच्या कागदातील माहिती खरी आहे का याची चौकशी सुरू केल्याशिवाय अंतरिम मुचलका मागता येणार नाही. इंदूरमध्ये ही अट पाळली जाणे आता अधिक अवघड झाले आहे. ९ डिसेंबर २०२१ पासून येथे पोलीस आयुक्तालय आले आणि पूर्वी ज्या कामासाठी पोलीस एसडीएमपुढे (उपविभागीय दंडाधिकाऱ्यापुढे) उभे राहत, ते कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडेच आले. इस्तगासा करणारा, तो ऐकणारा आणि तुरुंगात पाठवणारा एकाच खात्यातला, एकाच आयुक्ताच्या हाताखालचा. आयुक्तालय पद्धतीचे वाहतुकीला आणि बंदोबस्ताला फायदे असतील. नागरिकाच्या बोलण्याच्या दृष्टीने हा बदल चिंतेचा आहे असे मी मानतो.

सणासुदीच्या आणि निवडणुकीच्या आधी निघणाऱ्या प्रतिबंधात्मक आदेशांचेही थोडे सांगतो, कारण पोलीस बहुधा त्यांचाच हवाला देतात. जुन्या १४४ खालचे, आताच्या कलम १६३ खालचे हे आदेश आक्षेपार्ह मजकूर टाकणे, लाइक करणे, पुढे पाठवणे या सगळ्यावर एकदम बंदी घालतात. आक्षेपार्ह म्हणजे काय ते त्यात सांगितलेले नसते. राज्य सरकारने मुदत वाढवली नसेल तर असा आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. आणि रास्त मतप्रदर्शन दडपण्यासाठी तो वापरता येणार नाही, तसेच एकामागून एक आदेश काढत राहणे हा अधिकाराचा गैरवापर आहे, असे १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सांगितले आहे. आदेश मोडल्याचा गुन्हा न्याय संहितेच्या कलम २२३ खाली येतो, पण न्यायालय त्याची दखल संबंधित लोकसेवकाच्या लेखी फिर्यादीवरच घेऊ शकते. नुसत्या दोषारोपपत्रावर नाही. अशी फिर्याद नसल्यामुळे रद्द झालेली प्रकरणे आमच्या खंडपीठात वकिलांच्या ओळखीची आहेत.

अटकेपर्यंत गोष्ट गेली तर? सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक हा नियम नव्हे, हे २०१४ च्या अर्णेश कुमार निकालाने ठरवून दिले. इंदूरने याची किंमत देशासमोर पाहिली आहे. १ जानेवारी २०२१ रोजी विनोदी कलाकार मुनव्वर फारुकी यांना येथील कार्यक्रमातून अटक झाली, २८ जानेवारीला आमच्या खंडपीठाने जामीन नाकारला, आणि ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. तिथे दोनच मुद्दे मांडले गेले होते: फिर्यादीतले आरोप मोघम आहेत आणि अर्णेश कुमार निकालातली पद्धत पाळली गेली नाही. तो विनोद मंचावरचा होता, ऑनलाइन नव्हता. पण एका महिन्याहून अधिक काळ तुरुंगात काढून जो धडा मिळाला तो मोबाईलवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने घेतला. पुढे २०२५ मध्ये इंदूरच्याच एका व्यंगचित्रकारावर जुन्या चित्रावरून गुन्हा नोंदला गेला, ३ जुलैला खंडपीठाने अटकपूर्व जामीन नाकारला आणि १५ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिले. त्या चित्राबद्दलची नापसंती न्यायाधीशांनी सुनावणीत लपवली नाही, आणि तरीही संरक्षण दिले. नापसंती आणि गुन्हा या निराळ्या गोष्टी आहेत हे एवढ्या वरच्या पातळीवर जाऊनच ठरावे लागते, याचे दुःख आहे. अटक झालीच तर तिची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत, हे ६ नोव्हेंबर २०२५ च्या मिहिर शाह निकालाने सर्वच गुन्ह्यांसाठी पक्के केले आहे.

याची दुसरी बाजूही आपल्याला सांगितली पाहिजे, नाहीतर हे उत्तर एकतर्फी होईल. मुलीचे छायाचित्र बिघडवून पसरवणे, नाव-पत्ता देऊन धमकावणे, अमुक वस्तीवर चालून जा असे लिहिणे, मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा पुढे पाठवणे हे अभिव्यक्तीच्या संरक्षणात येत नाही. तिथे पोलिसांनी तक्रारीची वाट न पाहता हालचाल केली पाहिजे, आणि द्वेषमूलक भाषणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने तसे निर्देशही दिलेले आहेत. माझी तक्रार अशी की ज्या ठाण्यात खड्ड्याच्या पोस्टवरून दुसऱ्या दिवशी फोन जातो, त्याच ठाण्यात धमक्यांचे स्क्रीनशॉट घेऊन आलेल्या मुलीला सायबर सेलकडे जा, असे सांगून परत पाठवले जाते. तत्परता असते, ती कोणासाठी हे पाहावे लागते.

लोकशाहीत हे चालते कसे, या आपल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे वर आलेच आहे. वरच्या न्यायालयांचे निकाल नागरिकाच्या बाजूचे आहेत, पण ते मिळवण्यासाठी लागणारा वेळ, पैसा आणि बदनामी हीच शिक्षा होऊन बसते. आणि बेकायदा बोलावणाऱ्या अधिकाऱ्याला त्याची झळ सहसा लागत नाही. ठाणे प्रभारीची बदली वरच्यांच्या मर्जीवर अवलंबून असते. प्रकाश सिंग प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना पोलीस सुधारणांचे निर्देश दिले, पोलीस तक्रार प्राधिकरण त्यांपैकीच एक. ते निर्देश मनापासून अमलात आणण्याची घाई कुठल्याच पक्षाच्या सरकारला झाल्याचे दिसत नाही. आपण लेखी अर्ज दिल्यानंतरही त्रास थांबला नाही, तर पोलीस आयुक्तांकडे आणि भोपाळच्या मध्य प्रदेश मानवाधिकार आयोगाकडे तक्रार करता येईल. गुन्हा नोंदलाच गेला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली किंवा अनुच्छेद २२६ खाली खंडपीठात तो रद्द करण्याची याचिका दाखल करता येते. आपल्या प्रकरणात अजून तरी तशी वेळ आलेली नाही.

राहिला आपल्या स्वतःच्या जबाबदारीचा प्रश्न. गटाची अ‍ॅडमिन म्हणून सदस्याने लिहिलेल्या मजकुरासाठी आपल्याला आपोआप दोषी धरता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी सांगितले की समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट दिसत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल अ‍ॅडमिन जबाबदार नाही. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये तशीच भूमिका घेतली. हे निकाल मध्य प्रदेशावर बंधनकारक नसले तरी आमच्याकडे ते वजनदार म्हणून मांडले जातात. गटातून भाच्याला काढून टाकण्याची किंवा गटच बंद करण्याची आवश्यकता नाही. आपल्यालाही फोन आला तर उत्तर तेच द्यावे: स्त्री असल्यामुळे मला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही, जे विचारायचे ते लेखी आदेशाने घरी येऊन विचारावे, आणि येताना महिला कर्मचारी सोबत असावी.